रुसलेल्या लोखंडाची समजूत

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात, मुहूर्ताला थोडा अवकाश असताना, जगदाळे फिटरांनी आमच्या आईच्या समईला कानस लावली.

लग्न धारला, आमच्या माहेरी होतं. मी देवासच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते, म्हणजे तयार झालेली कामं तपासण्याच्या खात्यात. तिथल्या मोजक्या माणसांना आग्रहाने बोलावलं होतं. गणपतराव जगदाळे त्यांतले सगळ्यांत ज्येष्ठ. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर जरीची टोपी, आणि इतरांचं पेन असतं त्या खिशात एक आखूड कानस. ही कानस ते लग्नाला, बारशाला, देवासच्या टेकडीवर देवीच्या दर्शनाला, सगळीकडे नेत. "बायका नाही का गळ्यात मंगळसूत्र घालून हिंडत?" असं विचारत. आमच्याकडे कुणी मोठ्याने शिंकलं तरी त्यावर चर्चा होते, इतकं सोवळं घर. त्यामुळे जगदाळे पंगतीत काय काय बोलतील याची मला धास्ती होती. ते बोलले काहीच नाहीत.

बोहल्याच्या दोन्ही बाजूंना दोन समया होत्या. माझ्या पणजीच्या वेळच्या, सारख्या, जोडीच्या. त्यांतल्या एकीची वरची तेलाची वाटी दांड्यावर नीट टेकत नसे, त्यामुळे ज्योत जराशी डुलायची. आमच्या घरात तीन पिढ्या ती डुलतच होती आणि कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. जगदाळ्यांना ते बघवेना. गुरुजी सामान मांडत होते तेवढ्यात त्यांनी समई खाली घेतली, तेल एका द्रोणात काढलं, उकिडवे बसले आणि करर्र करर्र सुरू केलं.

आई अक्षतांचं ताट घेऊन आली आणि जागच्या जागी थिजली.

"अहो, शुभकार्यात समई विझवलीत?"

"विझवली नाही वहिनी, शांत केली," जगदाळे मान वर न करता म्हणाले. "रुसलेली होती बिचारी. समजूत घालतो."

आणि एकीची समजूत घातली तर दुसरीला वाईट वाटेल म्हणून तिलाही कानस. नंतर कुठूनसा खिळा पैदा करून त्यांनी एका समईच्या वाटीवर आणि दांड्यावर एकेक ठिपका ठोकला, दुसरीवर दोन-दोन. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा दोन्ही ज्योती अगदी सरळ उभ्या होत्या. आईला मात्र अक्षता टाकायचं भान नव्हतं. ती समयांकडे बघत होती, आणि मी आईकडे.

खरा धक्का दिवाळीत बसला. आईने दोन्ही समया चिंचेने घासल्या आणि जोडायला घेतल्या, तर वाट्या बसेनात. आतापर्यंत हिची वाटी तिला आणि तिची हिला सहज चालायची. आता एक ठिपक्याची वाटी फक्त एक ठिपक्याच्या दांड्यावर बसे. दुसऱ्यावर अर्ध्यात अडकून राही. आईने धारहून फोन करून माझी हजेरी घेतली. मी तावातावाने जाऊन जगदाळ्यांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा असा खुलला की मला पुढे बोलवेना.

"अडकली? दुसरीला बसतच नाही? मग काम चोख झालं म्हणायचं!"

हे सगळं आधी सांगायचं कारण, जे पुढे पीथमपूरला झालं त्याचं मूळ त्या दोन समयांत होतं.

जगदाळ्यांचे पूर्वज देवासच्या जुन्या दरबारात सिलेखान्यात, म्हणजे शस्त्रागारात होते. तलवारींना म्यानं बसवायचं काम त्यांच्याकडे. "एका तलवारीचं म्यान दुसरीला बसलं, तर तो कारीगर कसला? तो कुंभार!" हे त्यांच्या आजोबांचं वाक्य ते स्वतःचं असल्यासारखं सांगत. संस्थान गेलं, तलवारी काचेच्या कपाटात गेल्या, आणि जगदाळे आयटीआय करून फिटर झाले. पण डोकं सिलेखान्यातच राहिलं. वर्कशॉपमधल्या प्रत्येक कामाची त्यांनी जात ठरवून टाकली होती, आणि नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी ही कुंडली ऐकवत. मलाही ऐकवली होती.

"नलूताई, नीट ध्यानात घ्या. टर्नर फिरत्याला कापतो. मशिनिस्ट थांबलेल्याला कापतो. वेल्डर तुटलेल्याला चिकटवतो. आणि फिटर? फिटर रुसलेल्याची समजूत घालतो."

"आणि आम्ही इन्स्पेक्शनवाले?"

"तुम्ही व्याही. जेवून झाल्यावर नावं ठेवायला येता."

त्यांचा प्रश्नही ठरलेला असे. पिन भोकात जात नाही, चूक कुणाची? टर्नर म्हणेल, भोक लहान पाडलंय. मशिनिस्ट म्हणेल, पिन मोठी केलीय. वेल्डर म्हणेल, हातोडा आणा. ड्रॉइंगवाले साहेब म्हणतील, कागदावर तर जाते. "आणि फिटर विचारतच नाही चूक कुणाची ते. तो म्हणतो, इकडे द्या दोघांना." मग ते स्वतःच खूष होऊन टोपी मागे सरकवत. ते कधी काही मोजत नसत. बेंचवर मायक्रोमीटर होता, पण तो पेटीतून निघालेला मी पाहिला नाही. "मोजायचं ते परक्याला. आपल्या माणसाला हात लावून कळतं," म्हणत. माझं सगळं आयुष्य मोजण्यात चाललेलं. त्यांच्या ह्या बोलण्याने मी दर वेळी नव्याने चिडत असे आणि ते दर वेळी नव्याने मला चहा पाजत.

त्यांच्या बेंचसमोर, मधली वाट सोडून, रामेश्वर टर्नरचं लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कापायचं मशीन होतं. रामेश्वर बागलीकडचा. किडकिडीत, अबोल, घरून आणलेला कांदा-भाकरीचा डबासुद्धा एका रेषेत मांडून खाणारा. जगदाळ्यांना जर जोडीदाराचं वेड, तर रामेश्वरला मापाचं. ड्रॉइंगवर जे लिहिलंय ते त्याला देवाच्या शब्दासारखं. त्याची पिन कुठल्या भोकात जाणार, त्या भोकाचं पुढे काय होणार, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. "म्हारो माप म्हारो हे," एवढंच तो म्हणे. त्याच्या हातची पिन देशात कुठेही न्या आणि त्या मापाच्या कुठल्याही भोकात घाला, ती जाणारच, ही त्याची प्रतिष्ठा. आणि जगदाळ्यांची प्रतिष्ठा नेमकी उलटी, की ह्या भोकात हीच पिन जाईल, दुसरी जाऊन दाखवू दे.

दोघांचं जन्माचं भांडण होतं. एकमेकांना ते नावाने हाक मारत नसत. जगदाळे त्याला 'भोवरा' म्हणत आणि तो जगदाळ्यांना 'घिस्सू'. सकाळी मशिनं सुरू व्हायच्या आधी वाटेच्या अलीकडून पलीकडे आरती सुरू होई.

"काय रे भोवऱ्या, कालची पिन काय झोपेत बनवली? घिस घिस के मेरा हात गया!"

"घिसणो थारो धंदो हे, घिस्सू. थारे पास दूसरो काम कई हे?"

नवे आलेले लोक घाबरत. मी पहिल्या आठवड्यात मध्ये पडायला गेले होते, तर दोघेही माझ्यावरच उखडले.

एका खंडेनवमीला मी जगदाळ्यांच्या घरी गेले. कारखान्यात विश्वकर्मा पूजा व्हायची, पण जगदाळ्यांची घरची खंडेनवमी वेगळी. देवघरापुढे पाटावर लाल कापड, त्यावर सगळ्या कानशी उंचीने लावलेल्या, झेंडूची फुलं, आजोबांची एक बोथट कट्यार. आणि सगळ्यांत कडेला, हळदीकुंकू लावून ठेवलेला एक झिजलेला लेथचा टूल, टर्नर ज्याने लोखंड कापतो तो.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"भोवऱ्याचा. फेकून देत होता, उचलून आणला." आणि माझा चेहरा बघून पुढे म्हणाले, "अहो, असं बघू नका. शत्रूचं शस्त्रसुद्धा पूजायचं असतं. आमच्या घराण्यात पद्धत आहे."

त्यांच्या पत्नीने माझ्या हातात करंजीची बशी दिली आणि हळूच म्हणाल्या, "पद्धतबिद्धत काही नाही. ह्यांनी ह्याच वर्षी सुरू केलंय."

मी तेव्हा हसले आणि करंजी खाल्ली.

त्यानंतर काही महिन्यांनी जगदाळे अमझेऱ्याला देवदर्शनाला म्हणून सुटीवर गेले, आणि त्याच सुमारास पीथमपूरहून फोन आला. तिथल्या एका कारखान्याला आमच्याकडून फिक्स्चर जात. फिक्स्चर म्हणजे लोखंडी चौकट. भोक पाडायचा तुकडा तिच्यात ठेवायचा, दार मिटायचं, कडीसारखी एक पिन घालून दार पक्कं करायचं आणि मग वरून ड्रिल चालवायचं. पिन पूर्ण आत गेली नाही तर दार उघडतं, आणि ड्रिल तो तुकडा भिंगरीसारखा फिरवून फेकतं. तेच झालं होतं. तुकडा एका मुलीच्या कानाजवळून जाऊन मागच्या पत्र्यात रुतला होता. तिच्या कानाला नुसतं खरचटलं. एक तसू इकडे असता, तर आज ती नसती.

वर्क्स मॅनेजरसाहेब आणि मी तातडीने पीथमपूरला गेलो. ती मुलगी निसरपूरकडची होती. एका स्टुलावर बसली होती, कानाला पट्टी, आणि सगळ्यांना सारखी तेच सांगत होती, "मैंने पिन लगाई थी सर. पूरी नहीं जा रही थी तो ठोकी थी. पर लगाई थी." तिला वाटत होतं तिचीच चूक झाली आणि आता नोकरी जाणार. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तर ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.

झालं होतं ते असं. तिथे नवा सुपरवायझर आला होता आणि टापटिपीचा होता. त्याने संध्याकाळी सगळ्या फिक्स्चरच्या पिना काढून एकाच ट्रेमध्ये धुवायची पद्धत पाडली. त्यात चूक काहीच नव्हती. ड्रॉइंगप्रमाणे सगळ्या पिना एका मापाच्या, सगळी भोकं एका मापाची, कुठलीही पिन कुठेही चालायला हवी. मी त्या ट्रेमधली एक पिन उचलून मोजली. मग दुसरी, मग तिसरी. मला वाटलं माझा मायक्रोमीटर बिघडलाय. त्यांचा मागवला. तोही तेच सांगत होता. एकही पिन दुसरीसारखी नव्हती.

मग मी पिन उजेडात धरली. डोक्यावर ठोकलेले दोन बारीक ठिपके. दुसरीवर तीन. तिसरीवर एक.

आईच्या समया डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. आमच्या वर्कशॉपात पिन आणि चौकट जगदाळ्यांच्या बेंचवर जोडली जाई आणि जोडलेलं फिक्स्चर माझ्याकडे येई. दार कसं मिटतं, पिन कशी सरकते, ते मी बघे, आणि जगदाळ्यांच्या हातची पिन लोण्यात सुरी जावी तशी जाई. ती सुटी काढून मोजायची पद्धतच नव्हती. पण मला कळेना ते दुसरंच. रामेश्वरच्या पिनेला कानस लागलीच का? ती तर जन्मजात मापाची!

जगदाळे परत आले त्या दिवशी मी त्यांना माझ्या काचेच्या खोलीत बोलावलं आणि ती पिन पुढे ठेवली. कानाला पट्टी बांधलेल्या मुलीबद्दल सांगितलं. ते खाली बसले. जरीची नव्हे, रोजची पांढरी टोपी त्यांनी काढून मांडीवर ठेवली. त्यांचं टक्कल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"लागलं किती तिला?"

"खरचटलंय. वाचली."

त्यांनी पिन उचलून पुन्हा ठेवली. मग म्हणाले, "नलूताई, भोवऱ्याचे डोळे गेलेत."

"म्हणजे?"

"व्हर्नियरवरच्या मापाच्या रेघा दिसत नाहीत त्याला. अंदाजाने कापतोय कधीपासून. जास्त कापलं तर काम वाया, म्हणून हमेशा जरा जास्तच ठेवतो. सगळ्या पिना मोट्या येतात. मी ज्या-त्या भोकाला घासून बसवतो."

मी सुन्न झाले. रोज सकाळची ती आरती मला आठवली. 'घिस घिस के मेरा हात गया' हे ते चारचौघांत ओरडून सांगत होते, आणि ते खरं होतं! रोज खरं सांगत होते, आणि इतक्या मोठ्याने सांगत होते की ते कुणाच्या कानात शिरत नव्हतं.

"तुम्ही त्याला का नाही सांगितलंत?"

"टर्नरला सांगू, तुझं माप चुकतंय? त्यापेक्षा त्याच्या तोंडात मारलेली परवडली. आणि साहेबांना कळलं तर मशीनवरून उतरवतील. लेथ सोडून त्याला काय येतं? भाकरीसुद्धा सरळ रेषेत ठेवून खातो तो माणूस." ते थांबले. "मला वाटलं, पिन भोकात जाते ना? मग झालं की. आमचं काम बसवायचं. मी बसवलं."

"काका, ती मुलगी मेली असती!" मी ओरडलेच. आयुष्यात त्यांच्यावर आवाज चढवलेला तो एकच प्रसंग.

"हो," ते म्हणाले. त्यांचे हात मांडीवरच्या टोपीला नुसते चाळवत होते. त्या हातांकडे बघून मला रडू आलं आणि रागही आला, आणि कुठलं आधी आलं ते आजही सांगता येणार नाही.

चौकशी वर्कशॉपातच झाली, सगळ्यांसमोर. मॅनेजरसाहेबांनी पिना टेबलावर ओतल्या आणि विचारलं, हे कुणाचं काम? मी तोंड उघडायच्या आत जगदाळे पुढे झाले.

"मेरा है साहब. कानस ज्यादा चल गई. हात सरक गया मेरा."

जगदाळ्यांचा हात सरकला! वेल्डर लोक काळे चष्मे कपाळावर चढवून बघत राहिले. ह्या माणसाने आजवर स्वतःची एक चूक कबूल केली नव्हती. चहात साखर जास्त पडली तरी चमच्याला दोष देई. आणि आज सगळ्यांदेखत तो स्वतःच्या हाताला खोटं पाडत होता. मी काय बोलावं हे ठरेपर्यंत दुसरंच घडलं.

रामेश्वर मागून वाट काढत टेबलाशी आला. त्याने एक पिन उचलली. डोळ्यांजवळ नेली नाही, त्याचा उपयोग नव्हता. अंगठा तिच्यावरून फिरवला, आधी आडवा, मग उभा. लेथवर कापलेल्या पिनेवर टूलच्या रेघा गोल फिरतात. कानशीच्या रेघा लांबीने जातात. हे कुठलाही टर्नर आंधळा झाला तरी ओळखील.

"यो हात नी सरक्यो," तो म्हणाला. "यो तो नीचे तक घिस्यो हे. चारी बाजू से." त्याने दुसरी पिन उचलली. तिसरी. "सगळी? भिया, थने म्हारी सगळी पिन घिसी?"

इतक्या वर्षांत त्याने जगदाळ्यांना 'भिया', म्हणजे भाऊ, म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

जगदाळ्यांनी टोपी सावरली.

"मोटी थी?"

जगदाळ्यांनी मान खाली घातली. त्यांना खोटं बोलता येत होतं, पण रामेश्वरशी नाही.

मला वाटलं होतं रामेश्वर आता त्यांचे पाय धरील, निदान डोळ्यांत पाणी तरी येईल. आपली नोकरी वाचवायला कुणी स्वतःचं नाव मातीत घालतंय, हे कळल्यावर माणूस दुसरं काय करणार? रामेश्वरने हातातली पिन जमिनीवर आपटली. ती घरंगळत वेल्डरांच्या पायांपर्यंत गेली.

"थने म्हारे चोर बणायो!" तो ओरडला. त्या किडकिडीत छातीतून एवढा आवाज निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "हूँ रोज घरे जई ने केतो के म्हारो माप सही हे. रोज! म्हारी एक पिन वापस नी अई, तो हूँ समज्यो हूँ सही हूँ. एक बार वापस फेंकतो, भिया. एक बार केतो के रामेश्वर, यो गलत हे. हूँ डागदर कने जातो. थने म्हारे आंधो रख्यो!"

आणि तो निघून गेला. लेथ चालूच होतं. ते शेवटी दुसऱ्याच कुणी बंद केलं.

मी हादरून गेले होते. जगदाळ्यांची चूक मला पीथमपूरलाच कळली होती, पण तिचा हा दुसरा भाग मला सुचलाच नव्हता. फिटरच्या हिशेबाने त्यांनी मित्राला सांभाळून घेतलं होतं. टर्नरच्या हिशेबाने त्यांनी त्याच्या आयुष्यभराच्या मापावर कानस फिरवली होती. दोघेही आपापल्या कामाशी प्रामाणिकच होते. जगदाळे भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचा चेहरा त्या मुलीसारखा झाला होता. 'मैंने पिन लगाई थी सर' म्हणणाऱ्या.

पुढचं सगळं कोरडेपणाने झालं. जगदाळ्यांची निवृत्ती जवळ आली होती म्हणून काढलं नाही, पण बेंचवरून उठवून टूल स्टोअरच्या खिडकीत बसवलं. मागेल त्याला हत्यार द्यायचं आणि परत घ्यायचं, एवढंच काम. त्यांच्या खिशातली कानस मात्र तिथेच होती. पीथमपूरच्या सगळ्या पिना परत मागवून नव्या दिल्या. पिन सुटी मोजल्याशिवाय पुढे जायची नाही, असा नियम झाला. त्या मुलीची नोकरी टिकली, हे मी स्वतः फोन करून विचारलं. आणि रामेश्वरच्या डोळ्यांत निघाला मोतीबिंदू. साधा मोतीबिंदू! कुठल्याही शिबिरात निघाला असता. हे कळलं तेव्हा मी धावत टूल स्टोअरला गेले, की ऐकून त्यांना बरं वाटेल. जगदाळे ऐकून आणखीच खचले.

"म्हणजे मी बोललो असतो तर तेव्हाच..." एवढंच म्हणाले.

ऑपरेशन होऊन रामेश्वर कामावर आला. मधल्या वाटेवरून जाताना तो खिडकीकडे बघत नसे. टूल हवा असला तर दुसऱ्याला पाठवी. सकाळची आरती बंद झाली. मशिनं सुरू व्हायच्या आधीची ती शांतता मला सहन होईना, मी मुद्दाम उशिरा येऊ लागले. जगदाळ्यांच्या पत्नी देवीच्या टेकडीवर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "ह्या खंडेनवमीला कानशी मांडल्याच नाहीत हो ह्यांनी. नुसता तो टूल पाटावर ठेवला, आणि बसून राहिले."

जगदाळ्यांचा कारखान्यातला शेवटचा दिवस आला. हार, नारळ, साहेबांचं भाषण हे सगळं जेवणाच्या सुटीनंतर होतं. सकाळी ते नेहमीसारखे खिडकीत बसले. मी हिशेब मिटवायला म्हणून माझी मायक्रोमीटरची पेटी घेऊन तिथे गेले होते, कारण आमची सगळी मापकं त्यांच्याकडे जमा होत. एवढ्यात रामेश्वरचं लेथ थांबलं. त्याने जाड चष्मा शर्टाला पुसला, परत लावला, आणि हातात काहीतरी घेऊन मधल्या वाटेने सरळ खिडकीकडे आला.

खिडकीच्या फळीवर त्याने एक पिन ठेवली. अजून कोमट होती.

"देख," तो म्हणाला.

जगदाळ्यांनी पिन उचलली. अंगठा फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि त्यांचा उजवा हात आपोआप वर, खिशाकडे गेला. कानशीला बोटं लागली. रामेश्वर जाड काचांमागून त्या हाताकडे बघत होता.

हात खाली आला. जगदाळ्यांनी पिन माझ्यापुढे धरली.

"नलूताई, मोजा."

ज्या माणसाने मोजण्याला परक्याचा व्यवहार म्हटलं, तो मला मोजा म्हणत होता. मी मोजली. पुन्हा मोजली. पिन मोठी होती. केसभर, पण मोठी. नव्या डोळ्यांना अजून सवय व्हायची होती. दोनदा कानस फिरवली असती तर बरोबर मापात आली असती, आणि हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी मायक्रोमीटर जगदाळ्यांकडे फिरवला. त्यांनी आकडा वाचला. वाचायला वेळ लागला.

"रामेश्वर," ते म्हणाले. भोवरा नव्हे, रामेश्वर. "मोटी है. गलत है. वापस ले जा. फिर से बना."

रामेश्वरने पिन घेतली. तिच्याकडे पाहिलं, जगदाळ्यांकडे पाहिलं, आणि वळून चालायला लागला. मला वाटलं संपलं सगळं, शेवटच्या दिवशी हेही संपलं. तो लेथपाशी पोचला, पिन भंगाराच्या डब्यात टाकली, नवा तुकडा लावला. मग, मशीन सुरू करायच्या आधी, सगळ्या वर्कशॉपला ऐकू जाईल असा ओरडला.

"ए घिस्सू! अबी यो आवेगी, मापसर आवेगी. हात मत लगाजे!"

वेल्डर हसायला लागले. लेथ सुरू झालं. मी जगदाळ्यांकडे वळले. ते स्टुलावर ताठ बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते, कारण दोन्ही हातांचे तळवे त्यांनी मांड्यांखाली घट्ट दाबून धरले होते, आणि त्या फिरत्या पिनेवरून त्यांची नजर हलत नव्हती.